बाजार उठतो तेव्हा

पौष पौर्णिमा आली की मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावाशेजारी आणखी एक गाव वसते. म्हसोबाची यात्रा भरते. ठाणे जिल्ह्यातली माणसे तर येतातच. पण रायगड, नाशिक, पुणे, अहिल्यानगर या बाजूंनीही येतात. बैलांचा मोठा बाजार भरतो. घोंगड्या, भांडी, विळे-कोयते, बांगड्या, मिठाई यांच्या पालांची रांगच्या रांग लागते. मग दिवस सरतात, पाले उतरतात, गाड्या भरल्या जातात आणि बाजार उठतो. माळावर उरतात त्या चुलींच्या काळ्या खुणा आणि गवताच्या काड्या. पण कोणी हळहळत नाही. पुढल्या पौषात बाजार पुन्हा भरणार, याची सर्वांना खात्री असते.

आपल्या भाषेची गंमत अशी की, ‘बाजार उठला’ हे साधे वाक्य जत्रेच्या बाहेर आणले की त्याचा रंग बदलतो. एखाद्याचा बाजार उठला म्हणजे त्याचा कारभार आटोपला. तो पुन्हा उभा राहायचा नाही. या दोन अर्थांमध्ये किती अंतर आहे, ते गेल्या पौषात मला याच जत्रेत उमगले. सांगणारी होती माझी एक जुनी विद्यार्थिनी.

भांड्यांच्या एका पालाशी मी पोळपाट पाहत उभा होतो. आतून हाक आली, “सर, ओळखलंत का?”

पाहतो तो ही मुलगी. बी. ए. झाल्यावर कल्याणच्या बाजूला एका ‘सुपर मार्केट’मध्ये गल्ल्यावर बसू लागली होती. मीही तिथला गिऱ्हाईक. एके सकाळी पिशवी घेऊन गेलो, तर दुकान बंद आणि दारावर कागद चिकटवलेला : ‘दुरुस्तीसाठी दुकान बंद आहे.’ तो कागद पावसाळ्यात भिजून गळून पडला. दुकान काही उघडले नाही. त्या कंपनीची इतर गावांतली दुकानेही अशीच एकामागून एक मिटली.

“तुला आधी कळलं होतं का गं?” मी विचारले.

“आम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं, सर,” ती म्हणाली. “आधी तूरडाळ यायची बंद झाली, मग गोडं तेल. फळ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मिठाच्या पिशव्या पुढे ओढून लावायला सांगायचे. मागे काहीच नसायचं. गिऱ्हाईक विचारायचं, ‘माल कधी येणार?’ आम्ही म्हणायचो, ‘उद्या.’ शेवटी उद्या आमचा पगारही येईना. तीन महिन्यांचा अडकला तो अडकलाच. आणि त्या पापडवाल्या मावशी आठवतात का, बचत गटाच्या? दर आठवड्याला एस.टी.ने पेटी घेऊन यायच्या. त्यांचं बिल तर माझ्यासमोर पडून होतं. काय सांगायचं त्यांना?”

पोळपाट घेऊन मी घरी आलो, पण तो प्रश्न काही मनातून जाईना. दुकान बंद पडणे ही एका धन्याची गोष्ट नसते. मग इतकी मोठमोठी दुकाने, कोणी सहकारी, कोणी खासगी, आपल्या डोळ्यांदेखत उभी राहिली आणि बसली, त्याचे कारण काय असावे?

वहीतला वाणी आणि रॉचडेलचे विणकर

आपल्या आजोबांच्या घरी वाणसामान येई ते वहीवर. महिन्याच्या पहिल्या तारखेला यादी जाई, हमालाच्या डोक्यावरून सामान येई आणि पगार झाला की वाण्याचे पैसे चुकते होत. वाणी घरातल्या माणसासारखा; मुलीच्या लग्नात साखरेची पोती उधारीवर देणारा. पण त्याच्या वहीत काय लिहिले आहे, हे फक्त त्यालाच ठाऊक. तांदळात खडे निघत, तुपात डालडा निघे, तागडी एका बाजूला झुकलेली असे. गिऱ्हाईक बोलत नसे, कारण ते उधारीत अडकलेले असे. ज्याच्याकडून उधार घ्यायचे, त्याच्याशी मापावरून भांडायचे कसे?

हे दुखणे केवळ आपलेच नव्हते. इंग्लंडातल्या रॉचडेल या गिरणगावात हाच प्रश्न विणकरांपुढे पडला होता. त्यांच्यापैकी २८ जणांनी प्रत्येकी एक पौंड गोळा केला आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या गल्लीत स्वतःचे दुकान उघडले. विकायला काय? लोणी, साखर, पीठ, ओटाचे भरड आणि मेणबत्त्या! आजूबाजूचे दुकानदार हसले असतील. पण या माणसांचे नियम साधे आणि पक्के होते. माल शुद्ध द्यायचा, माप पुरे द्यायचे, उधारी ठेवायची नाही. आणि वर्षाअखेर जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत द्यायचा. जगभरची ग्राहक सहकारी चळवळ या मेणबत्त्यांच्या उजेडात वाढली.

तो उजेड मुंबईच्या नायगावात पोचला १९४८ साली. त्या दिवसांची आठवण ठेवणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. १९४३ पासून मुंबईकर रेशनच्या रांगेत उभा होता. १९४७ च्या अखेरीस नियंत्रणे उठू लागली आणि भाव असे कडाडले की, १९४८ मध्ये ती पुन्हा आणावी लागली. या ओढाताणीत गिरणी कामगारांनी आपली ग्राहक सहकारी संस्था काढली. तीच पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घरोघर ठाऊक झाली. नाव मुंबईच्या हिंदीतले. पण लालबाग-परळच्या चाळीतला मराठी माणूस ते ‘आपला बाजार’ असेच ऐकत असे. कामगाराने गिरणीत धागा विणायचा आणि त्याच हातांनी आपल्या दुकानाचा भाग घ्यायचा, हे रॉचडेलचेच चित्र होते.

हाताने उचलून घेण्याचे दिवस

१९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले आणि भाव हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने शहरांतून ग्राहक भांडारे उभी करण्याची योजना हाती घेतली. पुढे ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. भाववाढीच्या धसक्याने दिल्लीत कॅनॉट प्लेसला त्याच जुलैत ‘सुपर बाजार’ उघडला. १९६८ साली नायगावात ‘अपना बाजार’चे मोठे सर्ववस्तू भांडार सुरू झाले.

आज आपल्याला त्यात नवल वाटणार नाही. पण त्या काळच्या गृहिणीच्या जागी उभे राहून पाहावे. वाण्याच्या दुकानात ती फळीच्या बाहेर उभी असे. माल आत, वाणी मध्ये, आपण बाहेर. इथे ती आत शिरली. डाळ स्वतः पाहिली, किंमत स्वतः वाचली, नको ते परत ठेवले. कोणाची मिनतवारी नाही, ‘घ्यायचं तर घ्या’ ही भाषा नाही. मी तर म्हणेन की, मध्यमवर्गीय बाईच्या आयुष्यात मतपेटीनंतर आलेला हा दुसरा मोठा अधिकार होता. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्यांना भावाची जाण आणि बोलण्याचे धैर्य आले, त्यामागे सहकारी दुकानांच्या उघड्या किमतींचाही थोडा वाटा असावा, असे मला वाटते.

दिवाळीचा रवा, मैदा, साखर, खोबरे आणि उटण्याच्या पुड्या घेण्यासाठी अशा भांडारांपुढे रांगा लागत. त्या रांगेत उभे राहिलेली मुले आज आजी-आजोबा झाली आहेत.

आपले, पण कोणाचेच नाही

मग बिघडले कुठे? पहिला घाव बाहेरून बसला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या मात्र मिटल्या. ज्याच्या पगारावर गिरणगावातली दुकाने चालत, तो कामगार गावी गेला, नाहीतर डोंबिवली-कल्याणच्या पलीकडे फेकला गेला.

पण सगळा दोष संपाच्या माथी मारणे खरे होणार नाही. दुसरा घाव आतला होता. किराण्याच्या धंद्याचे एक अंकगणित आहे, ते समजून घेतले पाहिजे. समजा, दुकानात १ लाख रुपयांचा माल भरला आणि शेकडा १० रुपये सुटतात. तो माल महिन्याभरात विकून तेच पैसे पुन्हा मालात घातले, तर वर्षाला बारा फेरे होतात आणि १ लाख २० हजार सुटतात. त्यातून भाडे, दिवाबत्ती, पगार निघून थोडे उरते. पण माल चार महिने फळीवर पडून राहिला, तर फेरे तीनच आणि सुटणार फक्त ३० हजार. भाडे मात्र बारा महिन्यांचे! किराण्याचे दुकान नफ्यावर जगत नाही, फेऱ्यांवर जगते.

आता हा फेरा सांभाळायला डोळ्यांत तेल घालून बसणारा कोणी हवा. कोणती डाळ कधी घ्यायची, कोणते साबण विकत नाहीत, उंदराने किती खाल्ले आणि माणसाने किती नेले, याचा रोज हिशेब हवा. सहकारी भांडारात हा हिशेब कोणी घ्यायचा? कायद्याने सभासदांनी. पण सभासद वार्षिक सभेला जातो तो चहा-चिवड्यापुरता! निवडणुकीत गट पडतात, गटांची माणसे नोकरीला लागतात, खरेदी ओळखीने होते. आणि समोर दुसरे दुकान दोन रुपयांनी स्वस्त निघाले की, आपण सभासदच पहिले तिकडे वळतो. दिल्लीचा सुपर बाजार तोट्याच्या आणि नोकरवर्गाच्या ओझ्याखाली २००२ मध्ये बंद झाला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तो खासगी कंपनीच्या हाती देऊन पुन्हा उघडण्याची खटपट झाली. तीही टिकली नाही. मुंबईकरांच्या परिचयाचे ‘सहकारी भांडार’ रिलायन्सच्या व्यवस्थापनाखाली गेले. ‘अपना बाजार’ने आपले नाव राखले, पण एके काळचा तो दरारा आणि ती गर्दी ओसरली.

नेरूळचा धडा

इथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शेअर बाजारातले नामांकित गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी १९९९ च्या सुमारास नेरूळला ‘अपना बाजार’चेच एक दुकान चालवायला घेतले होते. किराणा कसा चालतो आणि कुठे अडतो, ते त्यांनी तिथे जवळून पाहिले आणि २००२ मध्ये पवईला ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान काढले. त्यांची रीत जुन्या वाण्याला पटेल अशीच होती : जागा शक्यतो स्वतःची घ्यायची, माल पुरवणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे म्हणजे तो भाव कमी लावतो, आणि नवे दुकान सावकाश उघडायचे. कामगारांच्या दुकानात शिकलेला धडा भांडवलदाराने गिरवला. आपण सभासद मात्र तो शिकलो नाही!

पण खासगी म्हणजे सगळे कुशलच, असेही नाही. १९९७ मध्ये चेन्नईत निघालेल्या ‘सुभिक्षा’ने दहा-अकरा वर्षांत देशभर सुमारे सोळाशे दुकाने थाटली. कर्जावर कर्ज चढले, रोकड आटली आणि २००९ च्या सुरुवातीला ही साखळी कोसळली. माल पुरवणाऱ्यांची बिले थकली, नोकरांचे पगार थकले.

त्याहून मोठे नाव ‘बिग बाझार’चे. किशोर बियाणी यांनी २००१ मध्ये ही दुकाने सुरू केली. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात तिचे दुकान होते. जिथे कामगार भोंग्यावर आत जाई, तिथे त्याची नातवंडे ढकलगाडी घेऊन हिंडू लागली. २६ जानेवारीला ‘सबसे सस्ता दिन’ म्हणून अशी झुंबड उडे की, दारे बंद करावी लागत. पण विस्तार कर्जावर होता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, गल्ला थांबला. भाडे आणि व्याज थांबले नाही. ऑगस्टमध्ये हा व्यवसाय २४,७१३ कोटी रुपयांना रिलायन्सला विकण्याचे ठरले. अॅमेझॉन कंपनीने त्याला हरकत घेतली आणि प्रकरण कोर्टकचेऱ्यांत अडकले. जागांचे भाडेकरार मधल्या काळात रिलायन्सकडे गेले होते. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर त्यांनी दुकानांचा ताबा घेण्यास सुरुवात केली. गिऱ्हाईक सकाळी गेले, तर दार बंद! एप्रिलमध्ये बँकांनी नकार दिल्याने तो सौदाही फिसकटला. जुलैत कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली आणि २०२४ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश झाला.

या दुकानांचा फेरा अडतो कुठे, तेही पाहण्यासारखे आहे. तेलवाला तीस दिवसांच्या उधारीवर डबे देतो. दुकान ते दहा दिवसांत रोखीने विकते. म्हणजे वीस दिवस तेलवाल्याचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात असतात. शहाणा दुकानदार त्यांना हात लावत नाही. उतावळा त्यातून पुढच्या चौकात नवे दुकान उघडतो. नवे दुकान चालेपर्यंत जुन्याची बिले थकतात. तेलवाला माल थांबवतो. माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून रोकड नाही. आणि मग मिठाच्या पिशव्या पुढे ओढून लावण्याची वेळ येते.

हे सगळे मांडल्यावर मला माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर सापडले, असे वाटते. जे आपले नव्हते ते आपले मानल्यामुळे खासगी दुकाने बुडाली; आणि जे आपले होते ते आपले न मानल्यामुळे सहकारी दुकाने खंगली.

शेवटच्या रांगेतली माणसे

दुकान बुडते तेव्हा पैसे मिळण्याचीही एक रांग असते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी कायद्याने ती ठरवून दिली आहे. कंपनी मोडीत निघाली की, कारवाईचा खर्च आधी. मग तारण ठेवून घेतलेल्या बँका आणि कामगारांची ठरावीक मुदतीची देणी. त्याखाली इतर नोकरांचे थकलेले पगार. आणि उधारीवर माल देणारे फार खाली. पापडवाल्या मावशींची पेटी या रांगेत कुठे असेल, ते वाचकांनीच ठरवावे. बहुतेक वेळा तर अशा लहान देण्यांसाठी कोणी कचेरीची पायरीही चढत नाही.

म्हणून वाटते की, केवळ स्वस्त कुठे मिळते हा प्रश्न पुरेसा नाही. आपल्याकडे याहून वेगळी उत्तरे शोधणारी माणसेही झाली. १९७५ मध्ये निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुकानच काढले नाही! शेजारच्या काही कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, घाऊक खरेदी व्हायची आणि एका घरी माल उतरवून सर्वांनी आपापसात वाटून घ्यायचा. फळी नाही, पडून राहिलेला माल नाही, भाडे नाही. मात्र एक गोष्ट हवी : महिन्यातून एक दिवस बाहीला हात घालून शेजाऱ्यांबरोबर डाळ मोजण्याची तयारी. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या वारणा बझारने तर खेड्यापाड्यांत शाखा नेऊन, ग्रामीण गिऱ्हाईकही चांगले दुकान चालवू शकते, हे दाखवले. सहकार हरला असे म्हणण्यापूर्वी ही उदाहरणे आठवावीत. जिथे सभासद जागा राहिला, तिथे तागडी सरळ राहिली.

आता तर दुकानात जाण्याचेही कारण उरलेले नाही. फोनवर बोट ठेवले की, दहा मिनिटांत कोथिंबीर दारात. सोय मोठी आहे. मीही ती घेतो, उगाच साधुत्वाचा आव आणत नाही. पण त्या पिशवीमागे कोणाची बिले थकली आहेत, कोणाचा पगार ‘उद्या’ होणार आहे, हे विचारायला समोर कोणीच नसते. गल्ल्यावरच्या मुलीला निदान तोंड तरी होते.

म्हशाच्या जत्रेत त्या संध्याकाळी मी निघालो, तेव्हा तिचे मामा कंदिलासारख्या मंद दिव्याखाली वही घेऊन बसले होते. भांडी कल्याणच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलेली. विकले किती, उरले किती, त्याचे किती आणि आपले किती, याचे दोन ढीग ते रोज रात्री वेगळे करीत. “बाजार उठायच्या आत त्याचं त्याला पोचलं पाहिजे,” मामा म्हणाले, “नाहीतर पुढल्या पौषाला भांडी कोण देईल?”

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी वही नाही, वाणी नाही. पण फराळाचे पापड मी त्या मावशींकडून घेतले आहेत, रोख पैसे देऊन. आमच्या इमारतीतली सात कुटुंबे मिळून आता दर महिन्याला त्यांची पेटी मागवतो. तीन महिन्यांच्या थकलेल्या पगारापुढे आणि त्या बुडालेल्या बिलापुढे ही फार लहान गोष्ट आहे, हे मला कळते. माझी विद्यार्थिनी पुढच्या पौषात पुन्हा मामांच्या पालात असेल. नोकरी मिळाली तर नसेल. आणि तसे झाले तर मला अधिक आनंद होईल.